दुसऱ्याचा आजोबा

पहिले सहा महिने मी त्यांना मनात ‘ते’ म्हणत होते. वय सत्तरीच्या घरातलं, केस पांढरेशुभ्र, ऑफिसात सगळ्यांत जुने. इंग्रजीत सगळ्यांनाच ‘यू’, त्यामुळे तोंडावर काही फरक पडत नव्हता, पण मनातल्या मनात आपलं वळण राहतंच ना! मग एका दुपारी त्यांनी मला आपल्या आजोबाची फाइल दाखवली आणि मी ‘तो’ वर आले. ज्याच्यावर आपण जळतो त्याला अहो-जाहो करणं काही मला जमत नाही. आज लिहितानाही ‘तो’च येतोय, तर येऊ दे.

शिकागोजवळ शॉमबर्गला आमच्या इन्शुरन्स कंपनीचं ऑफिस होतं. काचेची इमारत, समोर खोदलेलं तळं आणि तळ्याभोवती गीज, म्हणजे मोठाले रानहंस. दिसायला राजबिंडे, पण पार्किंगमध्ये घाण करून ठेवायचे आणि वर आपल्याच अंगावर धावून यायचे. ऑफिसातल्या कुणाचंही त्यांच्याशी जमत नसे, याचं जमायचं. बरोबर अकरा वीसला हा खिडकीशी उभा राहून दोन उकडलेली अंडी खायचा आणि खाताना गीज मोजायचा. एक कमी भरला तर दिवसभर बेचैन. मी एकदा म्हटलं, “अरे, उडून गेला असेल.” तर म्हणाला, “तेच तर. कुठे?”

आमचं काम सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कंपनीकडे लाखो ग्राहकांच्या नोंदी. एकाच माणसाच्या दोन-दोन, तीन-तीन झालेल्या. त्या शोधून एक करायच्या, म्हणजे मर्ज करायच्या. आणि चुकून दोन वेगळी माणसं एक झाली असतील तर सोडवायची. नियम असा की, एकाने मर्ज करायचं आणि दुसऱ्याने तपासून सही करायची. करणारा तो मेकर, तपासणारा तो चेकर. हे काम मला त्याने शिकवलं. त्याचं एकच पालुपद होतं, “नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही.” दिवसातून चार वेळा ऐकवायचा. पेन्सिल कानावर, जुन्या प्रिंटआउटच्या पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा हाताशी, आणि कुणी म्हणालं की, “अरे, ही क्लार्कची चूक दिसतेय,” की हा उसळलाच. “क्लार्क चुकला असं म्हणण्याआधी, आपण चुकलो नाही ना ते पाहा. क्लार्क बिचारा मेलाय, त्याला उत्तर देता येत नाही.”

मी लागले त्याच महिन्यात माझ्या हातून एक घोटाळा झाला. एकाच नावाच्या, एकाच जन्मतारखेच्या दोन बायका मी एक करून टाकल्या. त्यातली एक वारलेली होती. झालं, जिवंत असलेलीच्या नवऱ्याला कंपनीचं सांत्वनाचं पत्र गेलं. मला वाटलं, गेली नोकरी, गेला व्हिसा. याने काय केलं? बॉसला काही न बोलता माझ्यासमोर फोन ठेवला. “तिला फोन कर आणि सॉरी म्हण.” मी केला. ती बाई इतकी हसली, इतकी हसली! म्हणाली, “माझा नवरा पत्र वाचून रडला, हे मला तुझ्यामुळे कळलं.” फोन ठेवला, तर हा नेहमीसारखा पेन्सिलीला टोक करत बसलेला. तेव्हा तो अजून ‘ते’ होता.

त्याला एक खोड होती. नवीन कुणी आलं की विचारायचा, “तुझी माणसं कोण?” त्याच्याकडच्या बोलण्यात ती म्हणे साधी विचारपूस. कुठल्या गावचे, कोणाचे, एवढंच. पण मला विचारलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी नागपूरची. लहानपणापासून हा प्रश्न मी वेगवेगळ्या रूपांत ऐकलाय. पूर्ण नाव काय? अच्छा, आणि आडनाव? आणि मूळचे कुठले? आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक झाकण पडतं, ते मी ओळखते. इतक्या लांब अमेरिकेत येऊन, कानावर पेन्सिल अडकवलेला म्हातारा मला तेच विचारतोय म्हटल्यावर मी तुटक उत्तर दिलं, “माझी माणसं नागपूरला. गिरणीत होती.” त्याने मात्र डोळे मोठे केले. “गिरणीत! कोणत्या खात्यात?” त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला काही माहीतच नव्हतं.

आजोबा गिरणीत होते हे खरं. त्यांचं नाव ठाऊक, त्यांच्या वडिलांचं ठाऊक. पणजोबांच्या पलीकडे अंधार. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा मागचं सगळं मागे ठेवलं. वडीलही तेच म्हणायचे, “मागे काय शोधतेस पोरी? मागे होतं काय आपलं? पुढे बघ.” मी पुढे बघत बघत शॉमबर्गपर्यंत आले. पटतं मला ते. पटतं आणि तरी दुसऱ्याचे कागद बघितले की पोटात दुखतं, त्याला काय करू?

तर त्याचा आजोबा. नाव पॅट, आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातला. शिकागोत आला, लग्न केलं, मुलगा झाला. मुलगा तीन वर्षांचा असताना एका सकाळी डोक्यावर टोपी घालून कामावर गेला तो परत आलाच नाही. मेला नाही, नाहीसा झाला. आजीने त्याचा एकुलता एक फोटो शेगडीत घातला आणि पुन्हा नाव काढलं नाही. त्या मुलाने, म्हणजे याच्या वडिलांनी, ‘बापाने टाकलेला’ हे जन्मभर मनात वागवलं. नव्वदी ओलांडली तरी रस्त्यात टोपीवाला म्हातारा दिसला की मान वळायची म्हणे.

याने शोध घेतला. अकरा वर्षं. सोमवारी सगळे एकमेकांना विचारायचे, वीकेंड कसा गेला? कोणी म्हणायचं सॉकर, कोणी म्हणायचं ग्रोसरी. हा म्हणायचा, “पॅट बोस्टनला पोचला.” जणू सकाळीच फोन आला होता.

शंभर वर्षांपूर्वी आयर्लंडमध्ये इंग्रजांविरुद्ध बंड झालं. पुढे तिथे स्वतःचं सरकार आलं तेव्हा लढलेल्यांना पेन्शन सुरू झाली. अर्ज करायचा, कुठे काय केलं ते लिहायचं, गावातल्या माणसांची साक्ष जोडायची. अमेरिकेत येऊन राहिलेल्यांनीही असे अर्ज केले होते. बोस्टनहून गेलेला तसा एक अर्ज याच्या हाती लागला. पॅट. तेच आडनाव. तेच खेडं. आणि बंड आजोबा नाहीसा झाला त्याच वर्षीचं. बायकोला टाकून पळालेला माणूस एका रात्रीत बंडखोर झाला! गावाबाहेरच्या पुलावर चौघं दोन दिवस उभे होते, बंदूक एकच, पाळीपाळीने धरायचे; आणि शिपाई आले तेव्हा ती नेमकी पॅटच्या हातात होती, असं एका शेजाऱ्याने साक्षीत लिहिलेलं. याने ती फाइल वडिलांच्या उशाशी बसून वाचून दाखवली. अक्षर अन् अक्षर. “डॅडने पूल दोनदा वाचायला लावला,” तो मला म्हणाला. “मग म्हणाला, म्हणजे तो पळपुटा नव्हता.” त्याच आठवड्यात वडील गेले.

हे तो मला सांगत होता, मी त्या कागदांवरून बोट फिरवत होते, आणि खरं सांगते, मला रडू यायला हवं होतं, पण माझा नुसता जळफळाट झाला. काहून? याच्याच आजोबाचे कागद जपून ठेवले गेले काहून? आमचे काय कुठल्या पुलावर उभे राहिले नसतील? राहिले असतील. पण त्यांना कोण विचारणार होतं, साक्षीदार आणा म्हणून?

वर त्या दिवशी सौमित्र टपकला. आमच्या टीममधला, पुण्याचा. पोरगा चांगला आहे, मदतीला धावून येणारा. पण म्हाताऱ्याचा वंशवृक्ष बघून म्हणाला, “वॉव, यार! आमच्याकडे पण आहे. आमचा कुलवृत्तांत छापलाय, चौदा पिढ्या. तुला पीडीएफ पाठवतो.” मग काय, दोघांचं जमलं! हा त्याला विचारतोय चौथ्या पिढीत दोन भाऊ कोकणातून का निघाले, तो याला विचारतोय तुमच्याकडे गोत्र असतं का. मी मध्ये डबा उघडून बसलेली. एकाकडे बंडखोर, एकाकडे पीडीएफ, आणि माझ्याकडे वांग्याची भाजी. सौमित्रने एकदा माझ्याकडे वळून विचारलं, “तुमच्याकडे पण असेल ना?” मी म्हटलं, “शोधावं लागेल.” घरी जाऊन नवऱ्यावर कारण नसताना खेकसले.

पुढे त्या खेड्यातल्या लोकांनी पुलाजवळ दगड बसवायचं ठरवलं. लढलेल्यांची नावं कोरायची, त्यांच्या नातवंडा-पतवंडांना बोलवायचं. याला पत्र आलं, नावं तूच वाच. याने तिकीट काढलं. आणि मग एका सोमवारी माझ्या टेबलावर एक जाडजूड फाइल येऊन पडली, वर आमच्या ऑफिसचा छापील फॉर्म. मेकर म्हणून याची सही. चेकरची जागा रिकामी.

“तपासल्याशिवाय मी तिथे तोंड उघडणार नाही,” तो म्हणाला. “तू कर.”

मी? मला तर मनातल्या मनात गुदगुल्याच झाल्या. तीन शनिवार नवरा मुलीला स्विमिंगला न्यायचा आणि मी डायनिंग टेबलावर ती फाइल पसरायची. ऑफिसचं काम मी कधी इतकं मन लावून केलेलं नाही. एकेक तारीख, एकेक सही. चूक सापडावी म्हणून मी देव मानत असते तर नवस बोलले असते.

तिसऱ्या शनिवारी सापडली. पुलावरच्या साक्षीत शेजाऱ्याने याच्या आजोबाला नुसतं पॅट म्हटलं नव्हतं, ‘पॅट डॅन’ म्हटलं होतं. याने समासात पेन्सिलीने लिहिलेलं, डॅन – मधलं नाव. अरे, मधलं नाव! पण आमच्याकडे मधलं नाव कुणाचं असतं? मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी एच.आर.च्या बाईने मला ‘हॅलो पुंडलिक’ म्हणून हाक मारली होती. पुंडलिक माझे वडील. मी साक्ष पुन्हा वाचली. मायकल टॉम, जॉन नेड, पॅट डॅन. एकाच आडनावाने भरलेलं गाव, तीच ती चार नावं. मग माणूस ओळखायचा कसा? बापाच्या नावाने! हे मला कोणी शिकवायला नको होतं. पुलावरचा पॅट हा डॅनचा पॅट होता.

आणि याच्या आजोबाचा बाप? शिकागोच्या चर्चमधली लग्नाची नोंद फाइलमध्येच होती. वडिलांचं नाव जेम्स. त्यापुढे पेन्सिलीने, याच्याच अक्षरात, ‘क्लार्कची चूक’. मी खुर्चीत मागे टेकले. दुसऱ्या कुणी असं लिहिलं असतं तर याने त्याला खिडकीतून गीजपुढे टाकला असता! गावच्या बाप्तिस्म्याच्या वहीत दोन पॅट होते, दोन वर्षांच्या अंतराने. एक डॅनचा, एक जेम्सचा. डॅन आणि जेम्स सख्खे भाऊ. दोघांनी थोरल्या मुलाला आपल्या बापाचं नाव ठेवलेलं, त्यांच्याकडची रीतच ती. फाइलच्या तळाशी एक पाकीट होतं, वर लिहिलेलं ‘आपले नव्हेत’. त्यात शिकागोच्या कत्तलखान्यातलं एक हजेरीकार्ड, पत्ता लग्नाच्या नोंदीतलाच. जेम्सचा पॅट, बंडाच्या त्याच आठवड्यात, सहाच्या सहा दिवस कामावर हजर. चार हजार मैलांवर त्याचा चुलतभाऊ बंदूक धरून पुलावर उभा होता, आणि याचा आजोबा इथे डुकरं कापत होता.

मी जागच्या जागी नाचले. लाज वाटते सांगायला, पण नाचले.

सोमवारी अकरा वीस वाजता मी ब्रेकरूममध्ये गेले. एकटं गाठून सांगता आलं असतं. पण सौमित्र तिथे कॉफी घेत उभा होता आणि मला तो तिथेच हवा होता. मी कागद ओळीने मांडले आणि समजावून दिलं. हा डॅनचा, हा जेम्सचा. तुझा हा. बंडात तुझा आजोबा नव्हता.

त्याच्या हातातलं अंडं सोलायचं राहिलं. त्याने चष्मा काढून एकेक कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. हजेरीकार्डावर फार वेळ थांबला. मग “गुड कॅच,” म्हणाला, फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि पेन्सिल नाही, पेन दिलं. मी ‘नामंजूर’वर खूण करून सही केली. सौमित्र नुसता माझ्याकडे बघत होता. बाहेर पडताना सौमित्र मला म्हणाला, “ताई, ईमेल केलं असतं तरी चाललं असतं.”

मंगळवारी म्हातारा आला नाही. बुधवारी नाही. तेवीस वर्षांत एक दिवस न चुकलेला माणूस! बॉसला विचारलं तर तिने स्क्रीन बघून सांगितलं, “बिरीव्हमेंट लीव्ह. आजोबा.” आमच्या कंपनीत जवळचं कुणी वारलं तर सुट्टी मिळते, आई-बापांसाठी पाच दिवस आणि आजी-आजोबांसाठी तीन. याने सत्तराव्या वर्षी आजोबांची घेतली होती. बॉसला हसू येत होतं. मला आलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. याने स्वतः खेड्यात फोन करून सांगितलं की मी त्या पॅटचा नातू नव्हे. मग डॅनच्या पॅटची खरी पणती शोधून काढली, बोस्टनजवळ शाळेची बस चालवणारी. तिला यातलं काही ठाऊकही नव्हतं. अकरा वर्षांची सगळी फाइल तिला देऊन टाकली. दगडापाशी नावं तिने वाचली. हा आपल्या तिकिटावर गेला आणि गर्दीत मागे उभा राहिला. त्याच हिवाळ्यात रिटायर होऊन तो मुलीकडे ॲरिझोनाला गेला. त्याचं टेबल आता माझ्याकडे आहे.

पण त्या गुरुवारी मला घरात बसवेना. आमच्याकडे कुणाचं माणूस गेलं की त्यांच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी नेतात. मी नवऱ्याला म्हटलं, “मी जाऊन येते.” तो म्हणाला, “अगं, पण मेलंय कोण?” मी म्हटलं, “माहीत नाही. पण मीच मारलंय.” डबा भरला आणि गेले.

दार त्यानेच उघडलं. दाढी वाढलेली. डबा बघून काही न विचारता बाजूला झाला. मी स्वयंपाकघरात ताटली शोधली, वाढलं. भाकरी हाताने मोडायची असते हे दाखवलं. त्याने खाल्लं, खूप दिवसांचा उपाशी असल्यासारखं.

“काल डॅडला सांगायला गेलो होतो,” तो म्हणाला. कबरीवर. “अर्धा तास उभा राहिलो. सांगवलं नाही.”

मग विचारलं, “तुला किती वेळ लागला शोधायला?”

“तीन शनिवार.”

“तीन शनिवार!” तो म्हणाला. “माझ्या मुलांनी दहा मिनिटं दिली नाहीत कधी या कागदांना.” डोळे भरून आले त्याचे. तो माझे उपकार मानत होता! मला ते सहन होईना.

“मी चांगुलपणाने नाही केलं ते,” मी म्हटलं. “मी जळत होते तुझ्यावर. ते खोटं निघावं असं मला वाटत होतं. म्हणून शोधलं.”

“माहीत आहे मला,” तो म्हणाला. “म्हणून तर तुला दिलं. सौमित्रला दिलं असतं तर त्याने डोळे मिटून सही केली असती. त्याला मी आवडतो. मला स्वतःला ते खरं असायला हवं होतं, त्यामुळे माझा काही उपयोग नव्हता. ते खोटं निघायला हवं असणारी ऑफिसात तू एकटीच.”

वर्षभर मला वाटत होतं, माझं जळणं फक्त माझ्या नवऱ्याला माहीत आहे. त्याने पिठल्याचा शेवटचा घास पुसून घेतला आणि विचारलं, “आणि तुझ्याकडे? कुणीतरी असेलच की.”

कोण जाणे कसं, पण माझ्या तोंडून निघून गेलं. कुणाला सांगितलं नव्हतं मी ते, सौमित्रला तर नाहीच. “आजी सांगायची, पणजोबांचे वडील पलटणीत होते. लढाईवर गेले होते. पदक मिळालं होतं म्हणे. पदक काही कुणी पाहिलेलं नाही.”

त्याचा चेहरा तीन दिवसांत पहिल्यांदा उजळला. त्याने कानावरची पेन्सिल काढली. “पलटणीतला असेल तर कागद असणारच! लष्कर सगळं लिहून ठेवतं. नाव सांग, गाव सांग. मी शोधतो, तू तपास.”

“नको,” मी म्हटलं. इतक्या घाईने म्हटलं की माझं मलाच ऐकू आलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. पेन्सिल परत कानावर ठेवली आणि आणखी एक भाकरी मागितली.